डबीतला गोरेपणा

लग्नसराई जवळ आली की पार्लरच्या दारावर नवे फलक लागतात. 'ब्रायडल पॅकेज', 'इन्स्टंट ग्लो', 'सात दिवसांत उजळ त्वचा'! त्यात हल्ली 'डी-टॅन' हा शब्द हमखास असतो. म्हणजे उन्हाने रापलेली त्वचा पुन्हा उजळ करून देणं. उन्हातान्हात काम करणाऱ्याचा चेहरा रापायचाच, त्याचं पूर्वी कुणाला फारसं काही वाटत नसे. आता मात्र तो 'टॅन' झालाय आणि टॅन म्हणजे काढून टाकायची गोष्ट, असं शाळकरी मुलींनाही वाटू लागलंय.

आणि गंमत बघा, युरोप-अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात हाच टॅन मिळावा म्हणून गोऱ्या मुली वर्षानुवर्षं पैसे मोजत आल्या. त्यासाठी तिथे 'सनबेड' निघाले. झाकणाच्या पेटीसारखा पलंग आणि आत अतिनील किरण सोडणाऱ्या नळ्या. त्यात थोडा थोडा वेळ पडून राहायचं, असं काही वेळा केलं की त्वचेवर तांबूस-तपकिरी छटा येते. समुद्रकिनारी सुट्टी घालवून आल्यासारखी! पण त्वचा काळवंडते ती मुळात स्वतःला वाचवण्यासाठी. अतिनील किरणांनी पेशींना इजा होऊ लागली की ती मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त तयार करते. म्हणजे पैसे देऊन घेतलेला तो सोनेरी रंग हा खरं तर इजा झाल्याचा पुरावाच.

या इजेची किंमत हळूहळू समोर आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००६ साली उपलब्ध अभ्यास एकत्र करून सांगितलं, की वयाच्या ३५ वर्षांच्या आत सनबेड वापरायला सुरुवात केलेल्यांमध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढतो. (२०१२ साली नव्या अभ्यासांची भर घालून केलेल्या हिशेबात हा आकडा ५९ टक्के आला. तोही काही थोडा नाही.) २००९ साली याच संस्थेने सनबेडला पहिल्या वर्गातल्या कर्ककारकांमध्ये, म्हणजे तंबाखूच्या पंगतीत बसवलं. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठीच्या सनबेडवर सरसकट बंदी घातली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून १८ वर्षांखालच्या मुलांना सनबेड वापरू देणं हा गुन्हा झाला.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट मला जास्त विचार करायला लावते. मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर ही तरुणी सप्टेंबर २००७ मध्ये मेलॅनोमाने गेली. वय अवघं २६. जाण्यापूर्वी तिने जाहीरपणे सनबेडविरुद्ध आवाज उठवला. पुढच्याच वर्षी तिच्या व्हिक्टोरिया राज्याने नियम केले. १८ वर्षांखालच्यांना मनाई, अगदी गोऱ्या त्वचेच्या माणसांना मनाई. पण दुकानं चालूच होती. शेवटी २०१५ उजाडताना तिथल्या बहुतेक राज्यांनी व्यावसायिक सनबेड पूर्ण बंद केले आणि २०१६ च्या आरंभी पश्चिम ऑस्ट्रेलियानेही. 'वापरणाऱ्यांनो, जपून वापरा' हे सांगून भागत नाही, विकणाऱ्याचाच हात धरावा लागतो, हे त्या सरकारांनी ओळखलं.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याला कशाला? आपल्याकडे कोण जातंय काळं व्हायला? बरोबर आहे. आपण त्याच्या नेमक्या उलट दिशेने धावतोय. पण शर्यत तीच आहे. जन्माने मिळालेला रंग बदलून देतो म्हणणारा बाजार तिथेही आहे आणि इथेही. फरक एवढाच, की तिथे त्या पेटीचं निदान नाव-गाव माहीत होतं. आपल्याकडे हा धंदा लेबल नसलेल्या डबीत आणि औषधाच्या दुकानातल्या एका लहानशा ट्यूबमध्ये चालतो.

मी गृहिणी आहे. मुलं मोठी झाल्यापासून एका महिला मंडळाचं काम करते. मध्यंतरी आम्ही तालुक्याच्या गावी त्वचारोग तपासणीचं शिबीर घेतलं. डॉक्टरबाईंनी आधीच निरोप धाडला होता, "चेहऱ्याला जे काही लावता ते बरोबर घेऊन या." आणि बायकांनी खरंच आणलं. कुणी रुमालात गुंडाळून, कुणी पर्सच्या आतल्या कप्प्यातून. बघता बघता टेबल भरलं. अर्ध्याअधिक ट्यूब औषधाच्या होत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणलेल्या. काही पांढऱ्या डब्या होत्या, त्यांच्यावर ना कंपनीचं नाव ना तारीख. "पार्लरवाली स्वतः बनवते," असं एकीने कौतुकाने सांगितलं. एक छानशी सोनेरी झाकणाची डबी नणंदेने परदेशातून आणलेली. तिच्यावरची लिपी आमच्यापैकी कुणालाच वाचता येईना.

त्यात पंचविशीची एक सून होती. बाळंतपणानंतर गालांवर वांग आले म्हणून औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली, ती दोन वर्षं लावत होती. गाल लालभडक, कातडी इतकी पातळ की आतल्या बारीक शिरा दिसाव्यात, हनुवटीवर लव वाढलेली. मला म्हणाली, "ताई, गॅससमोर उभं राहिलं की तोंड पेटतं नुसतं. ट्यूब बंद केली की चेहरा सुजतो, मग परत लावते." शेजारी तिच्या सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "पण पहिल्या महिन्यात काय उजळली होती हो! आमच्या आळीतल्या चौघींनी तिचं बघून तीच ट्यूब आणली."

या दोन वाक्यांत सगळा आजार आहे आणि तो पसरतो कसा तेही आहे. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. योग्य आजारावर, योग्य ताकदीचं, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस लावलं तर ते उत्तम औषध आहे, हे आधी सांगायला हवं. पण ते लावलं की काही दिवस चेहरा उजळ आणि नितळ दिसतो, आणि नेमका हाच त्याचा सापळा आहे. पुढे कातडी पातळ होते, मुरमं येतात, लव वाढते, ऊन सोसत नाही. बंद करावं तर आग, सूज, लाली दुपटीने उसळते, म्हणून बाई पुन्हा ट्यूबकडे वळते. दारूसारखंच आहे हे. डॉक्टरांनी या अवस्थेला चक्क 'स्टिरॉइडवर अवलंबून असलेला चेहरा' अशा अर्थाचं नावच दिलं आहे.

ही एखाद-दुसरीची कथा नव्हे. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. म्हणजे साधारण सातांत एक. त्यातल्या सुमारे २९ टक्के लोकांनी ते गोरेपणाचं किंवा रोजचं साधं क्रीम समजून वापरलं होतं. आणि जवळपास ६० टक्के जणांना ते सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हतीच! शेजारीण, मैत्रीण, पार्लरवाली, दुकानदार... आपल्याकडे सल्ला फुकट मिळतो ना!

यानंतर सरकार हललं, पण सावकाश. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडं 'शेड्यूल एच' मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला. पण तुम्ही आज कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन "चेहऱ्याला लावायची ती ट्यूब द्या हो," म्हणून बघा. चिठ्ठी मागतात का? आमच्या शिबिरातल्या एकीलाही कुणी मागितली नव्हती.

दुसरं संकट याहून भारी आहे, ते म्हणजे पारा. हो, तोच थर्मामीटरमधला. पाऱ्याची संयुगं त्वचेत मेलॅनिन तयार होण्याची क्रियाच अडवतात, म्हणून रंग झपाट्याने उजळतो. पण पारा कातडीवर थांबत नाही. तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात जाऊन साठतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचं वर्तमानपत्रांतून आलं. तिघींमध्ये समान काय, तर एक क्रीम. ते तपासलं तेव्हा त्यात भरमसाट पारा निघाला. केरळमध्ये कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या अशा २२ रुग्णांची नोंद शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांच्या लघवीतून प्रथिनं जात होती. त्यातल्या १५ जणांमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराचा एक विशिष्ट, एरवी क्वचित दिसणारा प्रकार होता आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरत असल्याचं सांगितलं. क्रीम बंद केल्यावर बहुतेक जण सुधारले, हा त्यातला दिलासा. पण पायावर सूज आली तर आपल्या डॉक्टरांना "मी चेहऱ्याला अमुक लावते," असं सांगायचं कुणाच्या डोक्यात येईल?

शिवाय हा पारा लावणाऱ्या बाईपुरताही राहत नाही. टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला, हाताला लागतो, त्याची वाफ घरात राहते. अमेरिकेत २०१० साली अशा काही घरांची तपासणी झाली, तेव्हा क्रीम कधीही न लावलेल्या घरच्या माणसांच्या शरीरातही पारा आढळला. आईच्या गालाला गाल लावणाऱ्या बाळाचा विचार केला की अंगावर काटा येतो.

इथेही कायदा आहेच. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार प्रसाधनात पारा वापरायला मनाई आहे. नकळत आलेला पारासुद्धा डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर दहा लाखांत एक भाग, याहून जास्त चालत नाही. पाऱ्याला आळा घालणाऱ्या 'मिनामाता' या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली. २०२३ मध्ये त्या करारातल्या देशांनी तर एका भागाची ही सवलतही काढून, पारा घातलेली सगळी प्रसाधनं २०२५ पर्यंत बंद करायची असं ठरवलं. कागदावर सगळं चोख आहे! तरीही लेबल नसलेली डबी पार्लरच्या कपाटात सुखाने बसलेली असते. कारण ती कुणी बनवली हेच कुणाला माहीत नसतं, मग पकडणार कुणाला?

यावर दोन गोष्टी मला नेहमी ऐकवल्या जातात. पहिली, "ज्याची त्याची मर्जी. तिला गोरं व्हायचंय तर तुम्ही कोण अडवणार?" मान्य. पण मर्जी म्हणायला आधी माहिती लागते. डबीत काय आहे हे न सांगता जी विकली जाते, तिथे बाईची मर्जी चालत नाही, विकणाऱ्याची चालते. आणि ज्या मुलीला दहाव्या वर्षापासून घरीदारी "जरा सावळीच आहे," असं ऐकावं लागलं, तिची मर्जी कितीशी तिची स्वतःची असते?

दुसरी गोष्ट जास्त खरी आहे. "पार्लर चालवणाऱ्याही बायकाच आहेत, त्यांच्या पोटावर का पाय आणता?" आमच्या बचत गटातल्याच तिघी-चौघी पार्लर चालवतात. नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा त्या पार्लरवर घर चाललं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच सांगते, शिक्षा आधी त्यांना नको. त्यांनाही कुणीतरी "हे हर्बल आहे, खूप खपतं," असं सांगून डबा टेकवलेला असतो. दिवसभर ते क्रीम त्यांच्याच बोटांना लागतं. पार्लरचा कोर्स शिकवताना भुवया कोरण्याइतकंच लेबल वाचायलाही शिकवा. अन्न व औषध प्रशासनाने पार्लरवाल्यांच्या आणि औषध दुकानदारांच्या बैठका घ्याव्यात, मग दुकानं आणि कपाटं तपासावीत आणि माल येतो त्या घाऊक बाजारापर्यंत माग काढावा. दिवाळीत खव्यावर धाडी पडतात, त्याचे फोटो छापून येतात. मग लग्नसराईत क्रीमवर का पडू नयेत?

आणि आपण? सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातात बरंच आहे. क्रीम घेताना डबी उलटी करून बघायची. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी हवीच. परदेशी असेल तर इथल्या आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. ट्यूबवर 'आरएक्स' ही खूण, लाल रेघ किंवा नावात 'बीटामेथासोन', 'क्लोबेटासोल', 'मोमेटासोन' असे शब्द दिसले, तर ते औषध आहे, डॉक्टरांनी दिल्याशिवाय चेहऱ्याला लावायचं नाही. आधीपासून लावत असाल तर एकदम बंद करून त्रास ओढवून घेऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ते सावकाश सोडवतात. आणि "आठवड्यात फरक" असं कुणी म्हणालं की सावध व्हा.

बिल मात्र न चुकता मागा. संशय आला तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. फार थोड्या जणींना माहीत असेल, पण १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या २६ व्या कलमाने तुम्हाआम्हाला एक हक्क दिलाय. विकत घेतलेलं औषध किंवा प्रसाधन ठरलेलं शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घ्यायचा. एकटीने नाही जमलं तरी महिला मंडळांनी, ग्राहक संघटनांनी हे करायला काय हरकत आहे? भिशीच्या पैशांतून एक डबी तपासून घेतली तर आळीतल्या चार जणी वाचतील.

राहता राहिलं घर. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. नाव बदललं, चांगलं झालं. पण आपल्या बोलण्यातलं 'फेअर' कधी जाणार? बाळाला बघायला गेलो की आधी रंग. स्थळ आलं की "मुलगी गोरी आहे ना?" गरोदर सुनेला केशराचं दूध. पंढरीच्या सावळ्या विठोबापुढे तासन् तास रांगेत उभ्या राहणाऱ्या आपण, घरातल्या सावळ्या लेकीला मात्र हळद-साय चोळत बसतो! हळद-सायीने निदान मूत्रपिंडं तरी जात नाहीत. पण तिच्या मनावर पहिला डाग तिथेच पडतो आणि पुढे कधीतरी ती त्या पांढऱ्या डबीपर्यंत पोचते.

ज्या मेलॅनिनला आपण घासून काढायला निघालोय, तेच आपल्या उन्हात आपलं थोडंफार छत्र आहे. गोऱ्या कातडीला हे छत्र कमी, म्हणून तर तिथे सनबेडने एवढा घात केला. त्यांनी ते ओळखून दारं बंद केली. आपल्याला कायदाही नवा करायचा नाही, आहे तो दुकानाच्या काउंटरपर्यंत आणायचाय. तेवढं सरकारकडे हक्काने मागूया. आणि मुलगी बघायला जाल तेव्हा, बायांनो, रंगाचा प्रश्न विचारू नका. तो विचारणारं कुणी उरलं नाही की डबी घेणारंही कुणी उरणार नाही. बघा, पटतंय का!